बाबा लकव्याच्या बाजूलाच स्वतःला लोटतात, सरळ बसवलं की ओरडतात. काय करावं?

आर्वीकडला पोट्टा

नमस्कार मंडळी. थोडं मोठं लिहून राहिलो, वाचून घ्या. बाबा ६३ वर्षांचे, शेतकरी माणूस. बीपीची गोळी चालू होती पण "मले काय धाड भरली" म्हणून मनानंच बंद केली होती. पोळ्याच्या आधी सकाळी गोठ्यात एकदम डाव्या अंगातलं बळच गेलं, तोंड वाकडं, बोलणं जड. १०८ बोलावली, वर्ध्याले नेलं, सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या उजव्या भागात थॅलॅमस म्हणतात तिथं रक्तस्राव निघाला. ऑपरेशन नाही लागलं, बीपी आटोक्यात आणून सुट्टी दिली. बोलणं आता बरंच साफ आहे, माणसं ओळखतात, कापसाचा भाव विचारतात, सगळं.

आता खरा प्रश्न. डावा हात-पाय कमजोर आहे म्हणून डावीकडे कलले असते तर समजलं असतं. पण बाबा कलत नाहीत, ते लोटतात. बाजेवर बसवलं की चांगला जो उजवा हात आहे त्यानंच बाजेची कड धरून असा जोर लावतात की हाताच्या शिरा वर येतात, उजवा पाय जमिनीत रोवतात अन सगळं अंग डावीकडे ढकलतात. म्हणजे ज्या बाजूला काही आधारच नाही तिकडेच. आई डावीकडून रेटा देऊन सरळ करते तर आणखीनच जोर लावतात अन ओरडतात, "पडलो पडलो, काहून लोटता बे मले!" अन डावीकडे पार कलंडलेले असले की मात्र चेहरा शांत. विचारलं की म्हणतात सरळच तर बसलो. झोपून असले की काहीच त्रास नाही.

काका म्हणते हट्टीपणा आहे, आधीपासून तसेच आहेत (ते खरंच आहे म्हणा). मावशीनं लिंबू उतरवून झालं. फिजिओथेरपीवाले तालुक्याच्या गावाले बसतात अन आता सोयाबीन काढणीत गाडी भेटणं कठीण. तर हे नेमकं काय आहे, डोक्यावर परिणाम झाला का, अन घरी बसवायचं कसं? आई थकून गेली आहे.

काटोलची सून

दादा, वाचताना आमच्या सासूबाईच डोळ्यासमोर आल्या. अगदी हेच. त्याही उजव्या हातानं पलंगाला रेटायच्या अन आम्ही दोघीतिघी मिळून दुसरीकडून रेटायचो, नुसती कुस्ती. नागपूरच्या फिजिओथेरपीच्या मॅडमनी पाहिल्या पाहिल्या सांगितलं की याला पुशर म्हणतात, म्हणजे ढकलणारा, हट्ट नाही अन नाटक तर अजिबातच नाही. बाबांवर कोणी चिडत असेल तर आधी ते थांबवा, माणूस खरंच घाबरलेला असते.

एक अजून पाहा. जेवताना ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते का? आमच्या सासूबाई अर्धी भाकर खाऊन "मले चटणी नाही वाढली" म्हणायच्या, अन चटणी डावीकडेच असायची. तेही याच्यासोबत बरेचदा असते म्हणे.

गावरान उपाय

भाऊ दवाखान्याच्या नादी लागू नका. लकव्याले कबुतराच्या रक्ताची मालिश करतात, आमच्याकडे एक बाबा आहेत ते औषध पण देतात, पथ्य कडक आहे पण गुण येते. इंग्रजी गोळ्या बंद कराव्या लागतात. पाहिजे असन तर मेसेज करा.

मेडिकलवाला

वरच्या भाऊंना हात जोडून. ज्या माणसाले बीपीची गोळी बंद केल्यानं मेंदूत रक्तस्राव झाला त्याले परत गोळ्या बंद करायले सांगता? माझ्या दुकानात दर महिन्याले असे लोक येतात, "आता बरं वाटते म्हणून सोडली" म्हणणारे. पोट्ट्या, गोळी रोज एकाच वेळेवर, अन खर्रा (तंबाखू-सुपारीचा) खात असतील तर तोही बंद, घोटण्याची पन्नीच घरात येऊ देऊ नको. कबुतरं सुखानं राहू दे. बाकी बॅलन्सचं कोणीतरी जाणकार सांगन.

फिजिओ, वर्धा

मी न्यूरो फिजिओथेरपी करते, बरीच वर्षं झाली. पेशंट न पाहता पक्कं निदान सांगत नाही, पण तुम्ही लिहिलंय ते वर्णन इतकं नेमकं आहे की दुसरं काही सुचतच नाही. चांगल्या हातापायानं लकव्याच्या बाजूला ढकलणं आणि सरळ करायला गेलं की विरोध करणं, या दोन्ही गोष्टी एकत्र असल्या की आम्ही त्याला पुशर सिंड्रोम म्हणतो. पॅट्रिशिया डेव्हिस नावाच्या फिजिओथेरपिस्टनं १९८५ साली याचं पहिल्यांदा नीट वर्णन केलं. कोपनहेगनला स्ट्रोकच्या पेशंटची मोठी पाहणी झाली होती त्यात रिहॅबिलिटेशनला आलेल्यांपैकी साधारण १० टक्क्यांत हे सापडलं, म्हणजे फार दुर्मिळ नाही, फक्त घरच्यांना कोणी समजावून सांगत नाही. आणि थॅलॅमसचा मागचा भाग दुखावला की हे जास्त करून दिसतं, तुमच्या रिपोर्टशी ते जुळतं.

आता होतं काय ते ऐका. आपण सरळ आहोत की तिरपे हे मेंदूला तीन ठिकाणांहून कळतं, एक डोळे, दुसरं कानाच्या आतला भाग, आणि तिसरं तळपाय, सांधे, पाठ-पोट यांच्यावर पडणारा भार. या सगळ्याचा हिशोब थॅलॅमस आणि त्याच्या आजूबाजूला जुळतो. बाबांच्या बाबतीत तो हिशोब बिघडलाय, त्यामुळे अंगाला जे सरळ वाटतंय ते सरळ नाहीच. जर्मनीत २००० साली अशा पेशंटना तिरप्या होणाऱ्या खुर्चीत बसवून तपासलं होतं, काही दिसत नसताना ते साधारण १८ अंश तिरपे असताना म्हणत होते की आता मी सरळ आहे. गंमत म्हणजे तो तिरपेपणा मेंदूच्या दुखावलेल्या बाजूकडे होता, आणि नंतर फ्रान्समधल्या लोकांनी तपासलं तर त्यांना तो उलट बाजूला सापडला, त्यावर तज्ज्ञांचा वाद अजून आहे. आपल्याला त्या वादात पडायचं नाही. आपल्या कामाची गोष्ट अशी की त्याच जर्मन पेशंटना आजूबाजूचं दिसू दिलं की ते स्वतःला बरंच सरळ लावून घेऊ शकत होते. म्हणजे अंग चुकीचं सांगतं, पण डोळे बऱ्यापैकी खरं सांगतात. सगळी ट्रीटमेंट याच्यावरच उभी आहे.

म्हणून पहिली गोष्ट, आईंना सांगा की रेटणं बंद. तुम्ही डावीकडून उजवीकडे ढकलता तेव्हा बाबांना खरोखर वाटतं की आपल्याला पाडतायत, मग ते जीव वाचवायला आणखी जोर लावतात. तुम्ही डावीकडे फक्त पडू नये म्हणून बसा, हात तयार ठेवा पण ढकलू नका. आणि बाज नको, तिचा झोळ पडतो. लाकडी दिवाण किंवा बाक घ्या, पाय दोन्ही जमिनीला पूर्ण टेकलेले, समोर उभं असं काहीतरी दिसलं पाहिजे, दाराची चौकट, सपरीचा खांब, किंवा गवंड्याचा ओळंबा असेल तर तो समोर टांगून द्या, तो तर उत्तमच. मग विचारायचं, बाबा, ती दोरी सरळ आहे ना? हो म्हणतील. मग तुमचं अंग त्या दोरीसारखं आहे का? आधी हो म्हणतील, मग पाहतील, मग बहुतेक चपापतील. ते स्वतःला वाकडं पाहतात तो क्षण फार महत्त्वाचा, त्याच्याशिवाय पुढचं काही शिकवता येत नाही. घरात मोठा आरसा असेल तर त्याच्यावर मधोमध उभी चिकटपट्टी लावून तोही वापरता येतो, पण काही पेशंट आरशात आणखी गोंधळतात, मग काढून टाका.

दुसरं, त्यांना उजवीकडे न्यायचं ते त्यांच्या स्वतःच्या हालचालीनं. उजवीकडे भिंत येईल असं बसवा आणि सांगा की उजवा खांदा भिंतीला लावा. किंवा उजव्या बाजूला स्टुलावर काही ठेवा, पाण्याचा गडवा, शेंगा, मोबाइल, आणि ते हात लांबवून घेऊ द्या. हात रेटायला मोकळाच नसला की ढकलणं आपोआप कमी होतं. बसलेले असताना उजवा तळहात वर करून मांडीवर ठेवायला सांगा, कडेला धरू देऊ नका. उजव्या कोपरावर टेकून थोडा वेळ बसणं हेही चांगलं, तिथून हळूहळू स्वतःच वर यायचं. आणि इतक्यात काठी हातात देऊ नका! सगळे नातेवाईक काठी आणून देतात, आणि हे त्याच काठीनं स्वतःला डावीकडे लोटतात.

तिसरं आणि हे कळकळीनं सांगते, उचलताना डाव्या बगलेत हात घालून किंवा डावा हात ओढून उचलू नका. त्या खांद्याचे स्नायू ढिले आहेत, सांधा खाली सरकतो आणि मग महिनोन् महिने खांदादुखी. कमरेला रुंद पट्टा बांधा आणि तो धरा.

बरं होतं का? हो, बहुतेकांचं होतं. सहा महिन्यांनंतर फार थोड्या लोकांत ढकलणं उरतं. कोपनहेगनच्या त्याच पाहणीत असं दिसलं की पुशर पेशंट इतरांइतकेच पुढे जातात, फक्त तिथवर पोचायला त्यांना साधारण साडेतीन आठवडे जास्त लागले. उजव्या मेंदूचा स्ट्रोक असला आणि वर ताईंनी लिहिलंय तसं डावीकडचं लक्षातच न येणं असलं तर आणखी वेळ लागतो, तेव्हा ते ताटाचं नक्की पाहा. ज्या बाजूकडे लक्ष जात नाही तिकडून पडण्याची आणि भाजण्याची भीती असते, चूल, गरम चहा वगैरे डावीकडे ठेवू नका.

आर्वीकडला पोट्टा

ताई, किती आभार मानू. आईले वाचून दाखवलं तर ती रडलीच, म्हणे मी तं त्याईले रागानं बोलत होती. ताटाचं पाहिलं, डावीकडचं वरण तसंच राहते, बरोबर आहे. दोन प्रश्न आहेत. बाजेवरून खुर्चीवर नेताना कोणत्या बाजूनं न्यायचं? कारण दवाखान्यात सांगितलं होतं चांगल्या बाजूनं न्या, पण चांगल्या बाजूले न्यायला गेलं की तेच लोटालोटी. दुसरं, रात्री जास्त होते असं वाटते, खरं असू शकते का?

सपरीतला आजा

राम राम. मी सांगून रायलो अन नातू लिहून रायला. मले हा लकवा होऊन गेला, मी पण असाच लोटत होतो म्हणून लिवायले सांगतलं. घरच्याईले समजत नाही का आपल्याले काय वाटते. मले सरळ बसोलं का असं वाटे का उजवीकडे ही मोठी विहीर हाय अन हे पोट्टे मले तिच्यात ढकलून रायले. मंग माणूस जीव घेऊन धरते ना काही. मी बाजेची गात धरो, सुनेचं लुगडं धरो, जे सापडन ते. अन मनात राग ये का हे आपलेच लेकरं अन आपल्यालेच पाडून रायले. मले कोणी पागल म्हटलं का आणखी राग ये.

रात्रीचं इचारलं पोट्ट्यानं. हाव, रात्री जास्तच होये. आमच्याकडे लोडशेडिंगची लाइट गेली का संपलं, मी कुठं हाओ, वर का खाली, काही समजे नाही. डोये मिटले का तसंच. म्हणून मी सुनेले सांगतलं का रात्रभर एक बारका बल्ब चालू ठेव, अन चार्जिंगचा टॉर्च उशाशी. त्यानं लय फरक पडला.

अन एक. माह्या पोरानं मले बोलता बोलता दाराकडे पाह्यले लावलं, चौकटीकडे. पयले मले वाटे दारच वाकडं हाय, म्हटलं मिस्तरीनं फसोलं आपल्याले. मंग म्हटलं सगळेच दारं कसे वाकडे असतीन! तवा समजलं. पण समजलं तरी अंग ऐकत नाही बरं का. डोयानं पाहून पाहून अंगाले लावा लागते, रोज, अन एक खेप लावलं म्हणून दुसऱ्या खेपीले राहीनच असं नाही. आता मी वावरात जातो, धुऱ्यावरून नाही चालत, सपाट जाग्यातून चालतो. बाबाले सांगा का एक म्हातारा म्हणत होता, विहीर नसते तिथं.

मेडिकलवाला

आजोबा, एक नंबर. 🙏

काटोलची सून

आजोबा, हे सासूबाईंनी कधी सांगितलंच नाही आम्हाले, बोलताच येत नव्हतं त्यांना. आता समजलं त्या माझा पदर का सोडत नव्हत्या.

मोर्शीचा मास्तर

थोडं वेगळं पण याच विषयाचं, म्हणून लिहितो. माझ्या मोठ्या भावाला हातापायात काहीच कमजोरी नव्हती. सकाळी उठला आणि एकदम चक्कर, उलट्या, उभं राहिलं की एका बाजूला भेलकांडत जायचा, दारू प्यायल्यासारखा, आणि तो तर माळकरी माणूस. गावात सगळे म्हणाले पित्त झालं, लिंबू-मीठ द्या. एकानं सलाइन लावली. शेवटी दवाखान्यात एमआरआय केल्यावर कळलं छोट्या मेंदूत स्ट्रोक आहे. तर फिजिओ ताईंना विचारतो की हे पण पुशरच का?

फिजिओ, वर्धा

नाही सर, ते वेगळं आणि तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलं. छोट्या मेंदूच्या, म्हणजे सेरेबेलमच्या स्ट्रोकमध्ये ताकद असते पण ताळमेळ जातो, आणि माणूस ज्या बाजूला इजा झाली त्याच बाजूला जातो. तो ढकलत नाही, उलट सावरायला बघतो आणि सावरता येत नाही. मेंदूच्या खालच्या देठाला, मेडुलाला बाजूनं इजा झाली तरीही माणूस इजेच्या बाजूला ओढला जातो, त्यात सोबत गिळायला त्रास, आवाज घोगरा, चेहऱ्याच्या एका बाजूला आणि अंगाच्या दुसऱ्या बाजूला थंड-गरम न कळणं असं असतं, त्याला वॉलेनबर्ग सिंड्रोम म्हणतात. त्यातल्या काहींना तर थोडा वेळ आख्खी खोली तिरपी नाहीतर उलटी दिसते. पुशरमध्ये मात्र इजेच्या विरुद्ध बाजूला, आणि स्वतःच्याच जोरानं. हे घरच्यांना वेगळं करता आलं नाही तरी चालेल. पण एकदम तोल जाणं, चालता न येणं, न थांबणारी चक्कर हे पण स्ट्रोकचं लक्षण आहे, तोंड वाकडं झालं नाही म्हणजे स्ट्रोक नाही असं समजू नये. गुठळीचा स्ट्रोक असेल तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि सीटी केल्याशिवाय देत नाहीत. गावातून सीटीपर्यंत पोचायलाच अर्धा वेळ जातो, त्यात लिंबू-मीठात तास गेला तर काय उरणार.

आता पोट्ट्याचे प्रश्न. चांगल्या बाजूनं न्या हे नेहमीच्या लकव्यासाठी बरोबरच सांगितलं होतं. पुशर पेशंट चांगल्या बाजूपासूनच दूर ढकलतो, म्हणून तिकडे न्यायला गेलं की सगळं अडतं. सुरुवातीला बरेच फिजिओ अशा पेशंटला कमजोर बाजूनं नेतात, पण दोन माणसं पाहिजेत, एक समोर, एक मागं कमरेचा पट्टा धरून, आणि डाव्या गुडघ्याला तुमच्या गुडघ्याचा अडसर. हे वाचून करू नका, एकदा कोणाकडून तरी समोर करून घ्या. सोयाबीन निघालं की एकदा गाडी करून जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात फिजिओथेरपी विभागात या, आई आणि तुम्ही दोघंही या, पेशंटइतकंच तुम्हाला शिकायचंय. व्यायामाचा छापील कागद दिला की काम झालं असं समजणारे असतात, तुम्ही हट्टानं म्हणा की समोर करून दाखवा, आम्ही व्हिडिओ काढतो.

रात्रीचं आजोबांनी माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं. अंग खोटं सांगतंय आणि डोळेच सांभाळून घेतायत, मग अंधारात डोळेही गेले.

आर्वीकडला पोट्टा

थोडं अपडेट देतो. शेजारचा मिस्तरी आहे त्याच्याकडून ओळंबा आणला, सपरीत आड्याले टांगला. बाबा पहिल्यांदा म्हणे हे काय भिंत बांधून राहिले का. विचारलं दोरी सरळ आहे का, तर म्हणे ओळंबा कसा वाकडा राहीन, अक्कल आहे का तुले. मग स्वतःकडे पाहिलं, मग परत दोरीकडे, अन उजवीकडच्या भिंतीले खांदा लावायले गेले, मध्येच भेव वाटलं, परत डावीकडे. पण गेले होते, आईनं हात लावला नव्हता. आता उजवीकडे स्टुलावर कपाशीचे बोंडं ठेवतो टोपलीत अन एक-एक उचलून वेचायले देतो, ते त्याईले आवडते, डाव्या हाताले टेकवून ठेवतो अन उजव्यानं वेचते. तेवढा वेळ लोटणं जवळजवळ नसते. उभं केलं की मात्र तसंच आहे.

काका अजून हट्टच म्हणून राहिले. त्याईले आजोबाचा मेसेज वाचून दाखवला, काही बोलले नाही पण लाकडी बाक त्याईनंच आणून दिला.

अजून एक विचारायचं होतं, संडासले कसं नेऊ? बाहेर आहे अन खाली बसायचं आहे, इंग्लिश सीट नाही.

फिजिओ, वर्धा

बोंडांची आयडिया मी चोरणार आहे, माझ्या पेशंटना.

इतक्यात उकिडवं बसवू नका, एवढ्यात ते जमणार नाही आणि पडले तर खुबा मोडेल. भोक असलेली कमोड खुर्ची मिळते, किंवा गावातल्या सुताराकडून जुन्या लाकडी खुर्चीला भोक पाडून घ्या, खाली बादली. फक्त तिला दोन्ही बाजूंनी हात पाहिजेत आणि पाय रुंद पाहिजेत, प्लॅस्टिकची हलकी खुर्ची नको, ते ज्या जोरानं लोटतात त्यात ती उलटेल. उजवी बाजू भिंतीला लावून ठेवा. एकटं सोडून दार लावू नका, लाज वाटली तरी आईंना पडद्याआड उभं राहू द्या. आणि तिथं बल्ब आहे ना बघा.

आर्वीकडला पोट्टा

बल्ब नाही. आजच लावतो.